कोळ्यानं नाही, आत्यानंही नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आत्ताही लिहायला बसले ती भाषण लिहायला. रविवारी आमच्या पाड्यावर कॉलेजचं शिबिर आहे आणि मी बोलावं असं सरांनी सांगितलंय. विषय माझा नेहमीचाच, पाठ झालेला – घरातले कोळी, चावले तर काय करायचं आणि काय करायचं नाही. त्या भाषणात मधोमध एक गोष्ट आहे. ती सांगितली की बायका तोंडाला पदर लावतात, मुलं गप्प होतात आणि शेवटी टाळ्या पडतात. आजवर ती मी दुसऱ्यांच्या गावात सांगत आले. रविवारी ती जिच्याबद्दल आहे तिच्यासमोर सांगायची आहे. पहिलं पान लिहून झालं. दुसऱ्या पानावर हात थांबला.

म्हणून हे लिहितेय. भाषण नाही हे.

आमचा पाडा डोळखांबच्या बाजूचा. कॉलेज शहापूरला. सकाळची एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर जीपच्या मागच्या बाजूला लटकायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पाड्यावरच्या मुलींतही पहिलीच. प्राणिशास्त्र घेतलंय म्हटल्यावर लोकांना वाटलं मी अर्धी डॉक्टरीण झाले. कुणाच्या घरात मोठा कोळी दिसला की फोटो माझ्या फोनवर येतो. ‘ताई, हा इखारी हाय का?’ मी उत्तर देते. अगदी बरोबर देते, याची मला खात्री आहे. तो कॅलेंडरच्या मागं राहणारा, तपकिरी, चपटा, हाताच्या पंजाएवढा – तो झुरळं खातो, त्याला राहू द्या. फारच भीती वाटत असेल तर वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. मुद्दाम अंगावर येत नाही तो. दाबला गेला, किंवा पोटाखाली अंडी असली, तर चावतो. गांधीलमाशीसारखं दुखतं. आग होते, थोडं सुजतं, आणि उतरतं.

हे सगळं मला आज माहीत आहे. ज्या दिवशी माहीत असायला हवं होतं त्या दिवशी माहीत नव्हतं – आणि माहीत आहे असं मी सांगितलं. इथपर्यंत असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण ते इथपर्यंत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं, उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट वाकत नाही. ताठ असतं. भाकरी थापताना ते एकटं वर राहतं. आवणीच्या दिवसांत रोपं धरताना ते मध्ये येतं, म्हणून तिनं डाव्या हातानं लावायला शिकून घेतलं. पेन ती मधल्या बोटात धरते. पाहुणे विचारतात, तेव्हा घरचं उत्तर ठरलेलं आहे – कोळी चावला आणि आत्यानं ब्लेड मारलं. एवढं सांगितलं की पाहुणे मान हलवतात. पुढं कुणी काही विचारत नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं असं करणं सगळ्यांना इतकं पटतं!

आत्या म्हणजे मंगळीआत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली आणि बाबांनी अंगणाच्या पलीकडं तिला खोली बांधून दिली. पाड्यावर मूल जन्मलं की त्याची आंघोळ आत्याच्या हातची. पाय लांब करून बसायची, पोर पायांवर पालथं घालायची आणि तेल लावता लावता त्याला शिव्या घालायची. ‘रड मेल्या, रड, बापासारखा गप नको बसू.’ मला, मीनाला, आमच्या वयाच्या सगळ्यांना तिनंच न्हाऊ घातलंय. आणि काही चावलं, विंचू, गोम, कोळी, की ती निरगुडीचा डहाळा घेऊन यायची, पुटपुटत वरून खाली फिरवायची आणि शेवटी पाला दारात झटकायची.

त्या पाल्याची बाजू मी आजही घेणार नाही. पाल्यानं विष उतरत नाही. वाट बघण्यात वेळ जातो आणि खरंच विषारी काही असेल तर माणूस जातो. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. आत्याच्या तोंडावर म्हणेन. पण पाला फिरवणं वेगळं आणि –

थांबते जरा. सरळच सांगते.

माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. मे महिना. पावसाच्या आधी माळ्यावरचं सगळं खाली काढायचं, झटकायचं आणि सरपण आत भरायचं. आई-बाबा किन्हवलीच्या बाजाराला गेले होते. घरात मी आणि मीना. ती शिडीवर, मी खाली. तिनं गुंडाळलेल्या गोणपाटात हात घातला आणि ‘आई गं’ करून काढला. गोणपाटासोबत तो खाली पडला. मोठा, तपकिरी, पोटाखाली पांढऱ्या टिकलीसारखी अंड्यांची पिशवी धरलेला. धरलेली म्हणायला हवं, मादी होती ती. मीनाच्या बोटाच्या बुडाशी, तळहाताच्या बाजूला, दोन बारीक ठिपके होते. आणि मीना हसत होती. ‘माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली गो’ म्हणाली.

ती हसत होती, हे मी भाषणात कधीच सांगितलेलं नाही.

घाबरवलं तिला मी. माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. कुठल्या तरी दूरच्या देशातला कोळी, चावला की मांस सडतं, खड्डा पडतो. तोही तपकिरी. त्याच्या पाठीवर म्हणे काळा डाग असतो. मी चपलेनं ती मादी मारली, काडीनं उलटी-पालटी केली, आणि डाग शोधला. शोधला म्हणजे सापडणारच ना? मला तो दिसायलाच हवा होता. का हवा होता? वर्षभर सगळे विचारत होते, कालेजात जाऊन काय शिकतेस. सांगण्यासारखं हातात काहीच नव्हतं. आणि आता समोर खरा विषारी कोळी होता आणि तो ओळखणारी पाड्यावर मी एकटी.

बोट सडेल म्हणाले, तशी मीना रडायला लागली आणि आत्या आली. डहाळा घेऊनच आली. मीनाला पुढ्यात घेतलं आणि फिरवायला लागली. मी तिच्या हातातून डहाळा ओढून घेतला. ‘आत्ये, बंद कर हे. पाल्यानं विष उतरत नाय. शास्त्र हाय याला.’ तिला असं कुणी बोललं नव्हतं. ‘तुला न्हाऊ घातलंय मी, मला शास्त्र शिकवतंस?’ म्हणाली. मग उठली. ‘कर गो बाय, कर तुझं शास्त्र.’ आणि अंगण ओलांडून आपल्या खोलीत निघून गेली. दार लावून घेतलं.

मग मी शास्त्र केलं.

परकराची नाडी ओढून काढली आणि मीनाच्या बोटाच्या बुडाशी करकचून बांधली. बाबांच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड घेतलं, चुलीतल्या जाळावर धरलं. जंतू मरतात म्हणून. त्या क्षणी मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता, तेही लिहायला हवं. मीनाला म्हटलं, डोळे मीट, भिंतीकडं तोंड कर. आणि त्या दोन ठिपक्यांवर कापलं. विष बाहेर काढायला.

कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. सिनेमात बघितलेलं, कुठंतरी ऐकलेलं – आत्याच्या पाल्यापेक्षा त्यात काय जास्त होतं? काहीच नाही. पाला निदान कापत तरी नाही.

मीनानं हात ओढला आणि ब्लेड खोल गेलं. असं लिहिलं की वाटतं तिच्या ओढण्यानं झालं. नाही. ब्लेड तिथं होतं म्हणून झालं आणि ते माझ्या हातात होतं. रक्त थांबेना म्हणून मी नाडी आणखी घट्ट केली. दुपार अशीच गेली. बोट आधी लाल झालं, मग जांभळं, मग त्याच्याकडं बघवेना. विष चढतंय असं मी मीनाला सांगत होते. नाडी सोडली तर वर चढेल, असंही. एसटीच्या वेळेला आई-बाबा येणार, हे लक्षात आलं तेव्हा मी काय केलं असेल? नाडी सोडली? नाही. ब्लेड उचललं, न्हाणीच्या मागं गेले आणि अळूच्या खाली मातीत पुरलं. आत्याच्या खोलीचं दार तेव्हा बंदच होतं.

तेव्हाच मला कळलं होतं, कोळ्यानं हे केलेलं नाही. नाहीतर पुरलं कशाला असतं?

बाबांनी बोट बघितलं, नाडी तोडली आणि जीप आणायला धावले. मीनाच्या किंकाळ्या ऐकून आत्या पळत आली. कुणी बोलावलं नव्हतं. रुसून गेलेली बाई ती, पण जीपमध्ये चढली आणि मीनाला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत बसली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी बोट धुतलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, ‘हे कापलंय कुणी?’

बाबांनी माझ्याकडं बघितलं. घरी मीच होते ना.

मी म्हणाले, ‘आत्या आली होती.’

बघा. शब्दन् शब्द खरा. आत्या आली होती. डॉक्टर म्हणाले, ‘म्हणजे यांनी कापलं?’ आणि मी मान हलवली. तोंडानं काही बोलले नाही. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की मी बोलले कुठं? पण बाबांनी ती मान बघितली होती, आत्यानंही बघितली होती. वर-खाली, नीट, एकदा नाही, दोनदा.

‘मी? मी नाय कापलं डाक्टर,’ आत्या म्हणाली. ‘मी निस्ता पाला फिरवला.’

ती खरं बोलली आणि तिथंच अडकली. पाला म्हटल्यावर डॉक्टरांना सगळं कळलं असं वाटलं. ‘म्हणजे केलंत ना काहीतरी! कधी सुधारणार तुम्ही लोक?’ मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आत्याला समजावलं. कोळी चावला तर साबण-पाण्यानं धुवायचं. हातातली बांगडी, अंगठी सुजायच्या आधी काढायची. थंड पाण्याचं फडकं ठेवायचं, हात उंच ठेवायचा. बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, चुना-बिब्बा काही लावायचं नाही. ताप आला, लाली पसरत गेली, जागा काळी पडायला लागली, श्वास जड झाला, तर लगेच दवाखाना. ‘कोळ्यानं दोन दिवस दुखलं असतं हिला,’ ते म्हणाले. ‘बोट वाकवणारी शीर तुटलीय ती तुमच्या ब्लेडनं.’

‘तुमच्या’ म्हणताना ते आत्याकडं बघत होते. मी बाजूला उभी राहून ते सगळं पाठ करत होते. माझ्या भाषणाचा निम्मा भाग तिथलाच आहे.

पुढं मोठ्या दवाखान्यातही नेलं. जखम पिकली, बरी झाली, पण शीर नीट जुळली नाही.

आता तुम्ही म्हणाल, लहान होतीस. लहान नव्हते. मतदार यादीत नाव लागलं होतं माझं. म्हणाल, घाबरली होतीस. घाबरले होते, पण ब्लेड पुरल्यावर वरची माती मी नीट सारखी केली होती. म्हणाल, बाबांनी कॉलेज बंद केलं असतं. कदाचित केलं असतं. भावकीतले टपूनच होते, पोरीला शिकवून काय मिळवलंस म्हणायला. म्हणजे माझं कॉलेज टिकावं म्हणून एका बाईचं नाव गेलं. हा हिशेब मला मांडता येतो. पण तो मांडला म्हणून मी कमी खोटी होत नाही. मला ती सवलत नको. देऊ नका.

आत्या गप्प बसली असं समजू नका. गप्प बसणाऱ्यातली ती नव्हेच. ती अंगणात उभी राहून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली. आन घेतली, छाती बडवली, माझ्याकडं बोट करून म्हणाली, ‘ही कापणारी! हिला इचारा!’ कुणी विचारलं नाही. शेजारची काकू म्हणाली, ‘शिकलेली पोर कशाला खोटं बोलंल?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारातच होते. माझं शिक्षण असं पहिल्यांदा माझ्या कामाला आलं.

बाबांनी मीनालाही विचारलं, एकदाच. मीनानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘मी डोळे मिटले व्हते.’ तेही खरंच. शाळेत जाणाऱ्या, बोटाला पट्टी बांधलेल्या पोरीला मी आपल्या बाजूला ओढलं आणि त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मग बाबांनी कारवीच्या काठ्या आणल्या आणि अंगणाच्या मधोमध कूड घातला. सख्ख्या बहिणीचं आणि त्यांचं अंगण एक होतं, ते दोन झालं. आणि आत्याच्या हातात कुणी बाळ देईना. आधी एका घरानं नेलं नाही, मग दुसऱ्या. आता पोरीबाळी म्हणतात, तिचा हात वाईट हाय. तेलाची वाटी तिच्या दारातल्या कोनाड्यात पालथी असते, मी येता-जाता बघते. ज्या हातांनी पाड्यातली निम्मी माणसं न्हायलीत, त्या हातांना लोक आता पोर दाखवतसुद्धा नाहीत. मी मान हलवली तिथून हे सगळं सुरू झालं.

एवढं करून मी थांबले असते तरी – पण मी थांबले नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय अंधश्रद्धेचा. सर म्हणाले, अनुभवातलं सांग, पुस्तकी नको. मी उभी राहिले आणि आत्या सांगितली. तिचा डहाळा, तिचं पुटपुटणं, आणि तिच्या हातात ब्लेड. ‘माझ्या बहिणीचं बोट कोळ्यानं नाही, अज्ञानानं घेतलं,’ हे माझं वाक्य. टाळ्या थांबेनात. पहिला नंबर आला. ढाल मिळाली.

ढाल घरी आणली तेव्हा आईनं टीव्हीच्या वरच्या फळीवर लावली. मीना बराच वेळ ती बघत उभी होती. म्हणाली, ‘छान हाय. माझं नाव घेतलंस का गो भाषणात?’ मी हो म्हणाले. ‘आनि आत्याचं?’ मी ढाल फळीवर सरळ करायला लागले. ‘बरं,’ म्हणाली आणि पाण्याला गेली. इतक्या दिवसांत तिनं मला दिलेला टोमणा म्हणाल तर हा एकच. बाकी ती स्वतःच्याच बोटाची थट्टा करते. ‘माझं बोट कायम कुनाकडं तरी दाखवीत असतं’ असं म्हणून हसते. तेव्हा ते माझ्याकडं वळलेलं असतंच असं नाही. मी मात्र बघते.

त्याच वर्षी कॉलेजात प्रथमोपचारावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी विचारलं, चावल्या जागी ब्लेड मारणारं अजून कुणी आहे का हो? सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसू कसं आलं, आठवत नाही. पण आलं.

मग शिबिरं सुरू झाली. मुरबाडकडच्या दोन-तीन गावांत मी हेच बोलले. तुम्हाला सांगते, त्या भाषणानं लोकांचं भलंही झालं असेल. एका गावात एक बाई येऊन म्हणाली, तिच्या मुलाला कोळी चावला तेव्हा तिनं फक्त धुतलं आणि थंड फडकं ठेवलं. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगते, इथंही सांगते – झोपेत काय चावलं ते कळलं नाही, डाग धड दिसत नाही, पण पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, बोलताना जीभ अडखळतेय, तर कोळी असेल म्हणून घरी बसू नका. मण्यार असू शकते. तिचा चावा दुखतही नाही. सरळ दवाखाना, लगेच. हे खरं आहे, ते खोट्या भाषणातून सांगितलं म्हणून खोटं होत नाही. पण ते सांगायला आत्याची गरज होती का? ‘मी कापलं’ असं म्हणून तेच सांगता आलं असतं. लोकांनी ते जास्तच लक्ष देऊन ऐकलं असतं.

सरांना रविवारी तीच गोष्ट हवी आहे. ‘तुझ्याच पाड्यावर, तुझ्याच माणसांसमोर, किती परिणाम होईल बघ!’ म्हणाले. त्यांना काय माहीत? मांडव आमच्या अंगणात पडणार, कुडाच्या अलीकडं. पलीकडं आत्या. ती ऐकणार, उठणार आणि ओरडणार. आणि सगळे तिला गप्प बसवणार. माझ्या बाजूनं.

नाही. तसं होऊ देणार नाही मी.

हे जे लिहिलंय तेच रविवारी वाचणार आहे. सरांना दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. पहिल्या पानावर साबण-पाणी, थंड फडकं, सगळं तसंच राहील, कारण ते लोकांच्या उपयोगाचं आहे. आणि मग गोष्टीच्या जागी – नाडी मी बांधली, ब्लेड मी मारलं, अळूखाली मी पुरलं, आणि मान मी हलवली. मंगळीआत्यानं पाला फिरवला. निस्ता पाला. अज्ञान आमच्या घरात होतं, हे मी भाषणात बरोबर बोलत होते. ते एसटीनं कॉलेजला जात होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

त्यानंतर सर मला पुन्हा शिबिराला नेतील की नाही, त्यांचं ते बघतील. बाबा कूड काढतील की नाही, तेही त्यांचं. कुणी आपलं बाळ आत्याकडं घेऊन जाईल का? माहीत नाही. एवढ्या दिवसांनी, एका पोरीच्या सांगण्यावरून? आधीही एका पोरीच्याच सांगण्यावरून नेणं बंद झालं होतं. आत्या मला जवळ घेईल अशी मी वाट बघत नाही. तिनं घेऊही नये. मीनाचं बोट काही वाकणार नाही.

आज ढाल फळीवरून काढली. आई म्हणाली, ‘का गो काढलीस?’ मी म्हणाले, ‘पुसायला.’ बघा – अजूनही तोंडातून पहिलं तेच येतं.

उद्या सकाळी मी एसटीला निघेन. वाट आत्याच्या दारावरूनच जाते. ती उंबऱ्यावर मशेरी लावत बसलेली असेल. मला बघून बाजूला थुंकेल आणि त्या दिवसापासून रोज म्हणते तेच म्हणेल, वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं – ‘कापणारी चालली कालेजात.’

लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय.

तिचं डोकं ठिकाणावर आहे. ती खरं बोलते.